तुमच्या हातची सुई

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. सुजातापाशी तर नाहीच — आणि खरं म्हणजे ऐकायचा पहिला हक्क तिचाच. मग तुमच्यापाशी का बोलतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की आज संध्याकाळी तिनं पुन्हा दंड पुढे केला म्हणून? सुरुवात कुठून करावी तेही नीट कळत नाही.

सुजाता माझी बायको. तिला शाळेत असल्यापासून टाइप वन मधुमेह. शरीरात इन्सुलिन बनतच नाही, बाहेरून घ्यावं लागतं, जेवणागणिक. लग्नाआधी ती स्वतःच टोचून घ्यायची. लग्नानंतर एकदा गंमत म्हणून मी टोचलं, तर म्हणाली, "तुमच्या हातची सुई नाई दुखत मले." झालं. तेव्हापासून ते माझं काम. आता माझं सांगायचं तर — मी पाटबंधारे खात्यातला कारकून. घरातला नळ गळला तरी मला शेजाऱ्याला हाक मारावी लागते. पण अकोल्यात आमच्या कॉलनीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण द्यायच्या. लग्नकार्यात मी इन्सुलिनचं पेन शर्टाच्या खिशाला लावून मिरवायचो. हो, मिरवायचोच.

मग पंप आला. मोबाइलपेक्षा लहान, कमरेला खोचायचा. त्यातून एक बारीक नळी पोटापर्यंत, तिचं मऊ टोक कातडीखाली, वर चिकटपट्टी. दिवसभर औषध आपोआप थेंबाथेंबानं जातं, जेवताना तेवढं बटण दाबायचं. शिकवायला आलेली मुलगी बेसल, बोलस, कार्ब असं काय काय बोलत होती. मी मान डोलवत होतो आणि डोक्यात काही शिरत नव्हतं. सुजाता बँकेत अधिकारी, तिला आकड्यांचं कौतुक. ती भराभर शिकली. सरावाला आधी पंपात नुसतं सलाइन भरलं होतं, तोवर सुई माझ्याकडेच होती. खरं औषध भरलं त्या संध्याकाळी मी सवयीनं हात धुऊन आलो, तर ती जेवायला बसलीसुद्धा होती. मी ओल्या हातानं तसाच उभा राहिलो. कुठं जावं ते कळेना.

त्यातच तिनं धारणीच्या शाखेची मॅनेजरकी घ्यायचं ठरवलं. आधी एकदा नाकारली होती, मेळघाटात एकटीनं राहायचं म्हणून. आता म्हणाली, "आता कायचं भेव?" मला आनंद झाला का? झाला असेल. पेढे तरी मीच आणले होते.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच, होतं अमरावतीला, सुजाताच्या धाकट्या बहिणीच्या, नंदाच्या मुलीचं. उन्हाळा असा की गाडीची सीट भाजत होती. सकाळी निघायच्या घाईत सुजातानं पोटावरची पट्टी आणि नळी नवी लावली. दुपारी त्रिशरण-पंचशील झालं, पंगत बसली, आणि नंदा सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजी, तुमची तं नोकरीच गेली आता." सगळे हसले. सुजाता सगळ्यांत जास्त हसली. मीही हसलो — तोंड हसलं म्हणा.

आणि मग ती माझ्या ताटात बट्टी वाढायला वाकली.

इन्सुलिनला एक वास असतो, दवाखान्यातल्या फरशीसारखा. इतकी वर्षं तो माझ्या बोटांना येत होता. तिच्या कमरेपाशी साडी ओली होती. तिला घाम वाटला असेल. मला वास आला. घामानं पट्टी सुटली होती, औषध पोटात न जाता साडीत मुरत होतं — पंपातलं बाकी काही मला कळलं नसेल, पण हे त्या क्षणी कळलं होतं. मी बट्टी कुस्करत राहिलो.

मनात काय होतं? थोडी साखर वाढेल, मग ती माझ्याकडे येईल, असं? पेन माझ्या खिशात होतं, सवयीनं आणलेलं. जिलेबी खाताना तिनं बटण दाबलं. मी पाहिलं. तासाभरानं साखर तपासली, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा दाबलं. तेही पाहिलं.

इथवरचं कदाचित मी कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. पुढचं नाही.

ती माझ्याजवळ आली. ओठ कोरडे पडले होते. हळूच म्हणाली, "पेन आनलं काय तुमी? द्या, मीच टोचून घेतो."

पंगतीपासून मी याचीच वाट पाहत नव्हतो का? तिनं मागितलं होतं. हात खिशाकडे न्यायचा होता, बस. आणि मी म्हणालो, "राह्यलं घरी." का? ती 'मीच' म्हणाली, म्हणून? एवढ्याशा शब्दासाठी? मी स्वतःला कितीदा विचारलंय, आणि दरवेळी वेगळंच उत्तर येतं, आणि एकही पुरत नाही.

ती बरं म्हणाली आणि पाणी पीत बसली. ऊन लागलं असेल, असं नंदाला सांगत होती. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, श्वास धापा टाकल्यासारखा, मला ओळखेनाशी झाली. दवाखान्यात तिला आत नेलं. डॉक्टरांनी विचारलं, आधी कुणाच्या काही लक्षात आलं नाही का? मी मान हलवली. नाही. ते पेन तेव्हाही खिशात होतं, त्याच्यावर मी हात ठेवला होता.

ती वाचली. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाली? "माह्यीच चूक. मलेच नीट लावता नाई आलं." मी तिचा हात हातात घेतला आणि तिला तसंच म्हणू दिलं.

पंप आता कपाटात आहे, खोक्यात घालून. धारणीला दुसरं कुणी गेलं. आपल्या हातावर आता भरवसा नाही, असं सुजाता सहज बोलावं तसं बोलते. आणि नंदा येईल त्याला सांगते, भाऊजी सोबत होते म्हणून माझी बहीण वाचली.

आज जेवणाआधी मी हात धुऊन आलो. तिनं दंड पुढे केला. मी टोचलं, दुखलं का म्हणून विचारलं.

"तुमच्या हातची कुठं दुखते," ती म्हणाली, आणि ताटं वाढायला उठली.