मालकीण कडक हाय

वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही कोल्हापुरात एका बाईंच्या घरी खोली घेतली होती. चहा देताना त्यांनी अवघडून विचारलं, “पावणं, आमच्याबद्दल काय लिवलंय, वाचलं न्हाय व्हय?”

नियम मोडून खोलीत दारू पिणाऱ्या पोरांना त्यांनी बाहेर काढलं होतं. पोरांनी ऑनलाइन एक स्टार देऊन लिहिलं, ‘मालकीण भयंकर कडक. गाणीसुद्धा लावू देत नाही.’ तेव्हापासून खोली रिकामीच होती.

“वाचलं की. म्हणून तर आलो. वडिलांना शांतता हवी होती.”

बाई कमरेवर हात ठेवून खदाखदा हसल्या.

निघताना मी पाच स्टार देऊ लागलो, तर ताठ मानेनं म्हणाल्या, “स्टार किती बी द्या. पण मालकीण कडक हाय, हे पयलं लिवा!”