सातव्या रकान्यातलं 'नाही'

वडील न सांगता घराबाहेर निघून जातात, हे मी वृद्धाश्रमाच्या फॉर्ममध्ये लिहिलं नाही. सातव्या रकान्यात प्रश्न सरळ होता: 'बाहेर निघून जाण्याची सवय आहे का?' मी 'नाही' लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

त्याआधी दोन महिने आम्ही नवरा-बायको पर्याय तोलत होतो. वाटूरजवळ आमचं गाव. तिथं थोरल्या भावाकडे ठेवावं, तर तोच गुडघ्यांनी बेजार, आणि शेतातली विहीर उघडी. जालन्यात आमच्याकडे ठेवायचं तर दिवसा माणूस लावणं आलं. लावलाही. माणूस चांगला होता, पण तो जेवायला बसला की वडील निघाले. असं दोनदा झालं. राहिला मंठा रोडवरचा आश्रम. तिथं दोन भाग. एकात अंगण, लिंबाचं झाड, बाकं आणि दिवसभर उघडं फाटक. दुसरा भाग विसराळू माणसांचा. दाराला जाळी आणि जाळीपाशी सतत कुणीतरी बसलेलं. आम्ही बघायला गेलो तेव्हा आतून एक आजोबा कडी चाचपत होते. मी तेवढंच पाहिलं आणि ठरवून टाकलं, आपला बाप इथं न्हाई.

आमच्याकडे स्थळ बघायला पाहुणे आले की पोरीचा चष्मा कपाटात जातो. या गोष्टीला मी जन्मभर हसलो. फॉर्म भरताना मात्र मी तेच केलं.

"सातवं खरं लिहा," बायको कानाशी म्हणाली.

"एकदा आत घेऊ दे. मंग सांगू सावकाश."

चौथ्या दिवशी भर दुपारी आश्रमातल्या बाईंचा फोन आला. सगळा कारभार त्याच बघायच्या. "काका, बाबा तुमच्याकडं आले का?"

आम्ही पोचलो तेव्हा फाटक तसंच उघडं होतं. लिंबाखालच्या बाकावर वडलांची टोपी पडलेली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दोन माणसं मागच्या शेताकडे गेली होती.

"याआधी कधी असे गेल्ते का?" बाईंनी विचारलं.

"तसं... पायी फिरायची आवड आहे त्यांना."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी टोपी झटकत बसलो. वडील कुठं जातात हे मला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही वेळा ते मला बसथांब्यावरच सापडले होते, गावाकडच्या गाडीची वाट बघत. पण ते सांगायचं म्हणजे सातवा रकाना उघडा पडणार. वडलांना परत घेऊन जा म्हणतील, ही एक भीती. आणि खरं सांगायचं तर दुसरी भीती तिच्याहून मोठी होती, बाईंसमोर खोटा पडण्याची. माणसं भलतीकडेच शोधत होती आणि मी टोपीवरची धूळ काढत होतो. पाच मिनिटं असतील, दहाही असतील.

मग शेताकडून एक जण पळत आला. "ताई, विहिरीच्या काठाला चप्पल हाये एक."

तपकिरी रबरी चप्पल, निळा पट्टा. वडलांची तशीच होती. आश्रमात आणखी चार जणांची तशीच होती आणि वडलांची खाटेखालीच राहिली होती, हे मला नंतर कळलं.

"फाट्यावरच्या बसथांब्यावर बघा," मी म्हणालो. "ते वाटूरची गाडी धरायला जातेत. दरवेळी."

"दरवेळी म्हंजे?"

बाईंनी स्वतःच मोटारसायकल काढली, मी मागे बसलो. त्या वाटेवर मला फक्त ती विहीर दिसत होती.

वडील फाट्यावरच्या शेडमध्ये बसले होते. अनवाणी. तळव्यांना फोड आलेले, ओठ कोरडे. शेजारी एक बुरख्यातली बाई त्यांना बाटलीनं घोट घोट पाणी पाजत होती. "चाचा कबसे वाटूर वाटूर कर रहे," ती म्हणाली. "अकेले दिखे, तो मैंने बिठाके रखा."

वडलांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "वाटूरची गाडी लागली का?"

तीस वर्षं मी बसस्थानकावर हेच सांगायचं काम केलं. कुठली गाडी, कुठल्या फलाटावर. त्या दिवशी मी नुसती टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली.

परत आल्यावर बाईंनी वडलांचे पाय गार पाण्यात ठेवले, मलम लावलं आणि नवा फॉर्म काढला. या वेळी त्या विचारत होत्या आणि त्याच लिहीत होत्या. सातव्या रकान्यात माझ्याकडे न बघता त्यांनी 'हो' लिहिलं.

"आतल्या, जाळीच्या भागात ठेवू. रोज संध्याकाळी आमचा माणूस हात धरून फाट्यापर्यंत नेतो त्या लोकांना. गाड्या बघतेत, बसतेत, परत येतेत."

"हे मला माहीत नव्हतं."

"विचारलं कुठं तुम्ही? जाळी बघून माघारी फिरले."

मी म्हणालो, "चूक झाली, ताई. या वयात माणूस विसरतो."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"बाबा इसरतेत म्हणून निघून जातेत, काका. तुम्हाला तर समदं ध्यानात होतं."