काकूंनी सोडलेलं वटवाघूळ

मेश्राम काकू रोज साडेपाचला उठत आणि घरातलं दुसरं कुणी खाली यायच्या आत मागच्या दारापाशी जात. एका हातात स्टीलचा उभा डबा, दुसऱ्या हातात जाड पुठ्ठा. मांजरांना जाण्यायेण्यासाठी दारात एक झडप बसवली होती. तिच्यासमोरच्या पायपुसण्यावर शिकार आणून टाकलेली असे: उंदीर, चिचुंद्री, कधी एखादा पक्षी. मेलेलं असलं तर काकू सीडरच्या झाडाखाली खड्डा करून पुरत. जिवंत असलं तर त्यावर डबा पालथा घालत, खालून पुठ्ठा सरकवत आणि कुंपणापलीकडे नेऊन सोडून देत.

अमेरिकेतल्या बॉथेलमध्ये त्यांच्या आणि माझ्या घराची एक भिंत सामाईक होती. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी हे चार वर्षं पाहिलं.

काकू नागपूरच्या एका सरकारी इस्पितळात नर्स होत्या. निवृत्त झाल्या, यजमान गेले, आणि त्या मुलाकडे, नितीनकडे आल्या. नितीन सॉफ्टवेअरमध्ये, सून अश्विनी औषधांच्या प्रयोगशाळेत. सहा वर्षांच्या नातीने, आर्याने, मांजरांची नावं वॉफल आणि पॅनकेक ठेवली होती. काकूंच्या तोंडी ती वाफल्या आणि पानक्या झाली. शिकार करायचा तो वाफल्या. पानक्या दिवसभर सोफ्यावर पडून असे. "हा नितीनवर गेला," काकू सांगत.

एकदा वाफल्याने जिवंत उंदीर फ्रिजमागे सोडला. नितीन मीटिंग चालू असताना पाय खुर्चीवर घेऊन बसला. "आई, यार, कॅमेरा ऑन आहे माझा!"

"मग दाखव ना त्यांना. पाहू दे, कोण घाबरून राहिलं ते."

मांजराला रागवायला निघालेल्या अश्विनीलाही त्यांनी थांबवलं. "त्याला काहून बोलतेस? त्याने त्याचं काम केलं. आता आपण आपलं करायचं." दीड तास फ्रिजशेजारी बसून त्यांनी तो उंदीर डब्यात घेतला.

आर्या काकूंच्याच खोलीत, त्यांच्या पलंगावर झोपे. ऑगस्टमधल्या एका सकाळी काकू कुंपणापाशी आल्या, त्या खुशीत होत्या.

"आज वाफल्याने काय आणलं असेल? वटवाघूळ! इवलंसं, तळहाताएवढंही नाही. पहाटे डोळे उघडले तर आर्याच्या पायाशी पांघरुणावर. टॉवेलमध्ये उचललं आणि झाडाला लावलं. चढलं बाप्पा वर, आणि गेलं उडून."

"चावलं का कुणाला?"

"छे. आर्या तर झोपलेलीच होती."

इथल्या एका लहान वर्तमानपत्रात मी काही काळ काम केलं होतं. दर उन्हाळ्यात आरोग्य खात्याची सूचना छापायला येई: झोपलेल्या माणसाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तर ते सोडू नका, पकडून तपासणीला द्या. त्याला रेबीज असू शकतो. त्याचे दात इतके बारीक असतात की चावल्याची खूण दिसेलच असं नाही. मी ते काकूंना सांगितलं.

त्यांनी हातातली कपड्यांची टोपली खाली ठेवली. रेबीज म्हणजे काय हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. पण नागपुरात रेबीज कुत्र्याचा. वटवाघळं इस्पितळाच्या आवारातल्या पिंपळावर दिवसभर लटकलेली असत, आणि त्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहतही नसे.

"आमच्या वॉर्डात एक पोरगं आलं होतं," त्या म्हणाल्या. "आठ वर्षांचं. पाण्याचा पेला नुसता दाखवला तरी त्याचा गळा आवळायचा." मग म्हणाल्या, "नितीनला सांगू नको." टोपली उचलली, दारापर्यंत गेल्या, आणि तिथूनच हाक मारली, "नितीन! खाली ये."

सगळं ऐकून नितीन एवढंच म्हणाला, "आई, तू सिस्टर होतीस ना यार?"

अश्विनीने आरोग्य खात्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. तिथल्या बाईंचा पहिला प्रश्न होता, वटवाघूळ कुठे आहे? अश्विनीने काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "सोडलं. मी सोडलं." अश्विनीने ते इंग्रजीत सांगितलं.

दुपारपर्यंत आम्ही शिडी लावून, टॉर्च घेऊन झाडं शोधली. काही मिळालं नाही. त्याच संध्याकाळी काकूंची आणि आर्याची इंजेक्शनं सुरू झाली. दोन आठवड्यांत चार खेपा. लस वेळेवर मिळाली आहे, आता काळजी नको, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनीच ते सुनेला नीट समजावून सांगितलं. स्वतःला मात्र त्या समजावू शकल्या नाहीत.

त्या आर्याला तासातासाला पाणी देऊ लागल्या. पेला हातात द्यायचा आणि तिच्या गळ्याकडे बघत राहायचं. घोट उतरला की पेला परत घ्यायचा. थंडी सुरू झाली तरी हे चालू होतं. एका दुपारी मी तिथे असताना आर्या शाळेतून आली आणि तिने पेला हाताने बाजूला सारला.

"आजी, नो. आय डोन्ट वॉन्ट वॉटर."

काकूंचा चेहरा उतरला. "एक घोट, बाळा. माझ्यासाठी."

"नो! स्टॉप इट!"

काकूंनी पेला पुन्हा पुढे केला, पाणी फरशीवर सांडलं. अश्विनीने आर्याच्या शाळेच्या डब्याची पिशवी उघडून ज्यूसचं रिकामं खोकं दाखवलं. "आई, ती गाडीत ज्यूस प्यायली आहे. पोट भरलंय तिचं." काकूंनी मान हलवली, पण त्या आर्यासमोरून उठल्या नाहीत. पाऊण तासाने आर्याने आपण होऊन नळाखाली पेला धरला, तेव्हा त्या उठून मोरीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आर्याला काहीही झालं नाही. काकूंनाही नाही.

पुढच्या सप्टेंबरमध्ये, दिवेलागणीला, वाफल्या पुन्हा वटवाघूळ घेऊन आला. आर्या जमिनीवर चित्र काढत होती. त्याने ते तिच्या कागदावर टाकलं, आणि कुणी धावून जायच्या आत तिने हात पुढे केला होता. हात लागला की नाही, तिला सांगता येईना.

नितीन पुढे झाला. "तू नको हात लावू," काकू म्हणाल्या. त्यांनी जाड हातमोजे घातले, डबा पालथा घातला, पुठ्ठा सरकवला, डबा उलटा केला आणि झाकण लावलं. तपासणी मेंदूची होते, म्हणजे त्या जिवाला मारावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य खात्याकडे जायला मीच गाडी चालवली. काकू मागे बसल्या, डबा मांडीवर. आतून खरवडल्याचा आवाज येत होता. शेजारी बसलेल्या आर्याने विचारलं, "आजी, विल दे फिक्स इट?"

"नाही बाळा," काकू म्हणाल्या.

पुढच्या दिवशी फोन आला. रेबीज नव्हता. नितीनने आर्याला उचलून गरागरा फिरवलं. काकूंनी सुनेला विचारलं, "त्याला परत देतात का? पुरायला?"

"नाही, आई."

डिसेंबरमध्ये त्या थोरल्या मुलीकडे नागपूरला कायमच्या गेल्या. निघण्याआधीच्या रविवारी घरी बुद्धवंदना होती, वीसेक माणसं जमली होती. सगळे पंचशील म्हणू लागले. काकू हात जोडून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. जीवहत्येपासून दूर राहण्याचं पहिलं शील आलं, तेव्हा त्यांचे ओठ मिटलेले होते. दुसऱ्यापासून त्या सगळ्यांबरोबर म्हणू लागल्या. आर्या त्यांच्या मांडीवर होती आणि पाचही शीलं मोठ्याने, न चुकता म्हणत होती.