बबनदादाची आई, ऑइलमध्ये

चित्रं काढणाऱ्या माणसाकडे चित्रं कमी आणि किस्से जास्त साचतात. ब्रश पुसायच्या फडक्यासारखं आहे ते. कॅनव्हासवर काय उतरेल त्याचा भरवसा नाही, फडकं मात्र दर वेळी रंगतं! आमच्या रविवारच्या मंडळाचं फडकं तर आता धुण्यापलीकडे गेलंय.

मंडळ म्हणजे तीन डोकी. मी शहापुरातला रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. जाधव भातसानगरचे, धरणावर नोकरीला. आणि बबनदादा, मुरबाडकडचा भातशेतीवाला, वय अठ्ठावन्न. जमायचं माझ्या ओसरीवर.

* * *

बबनदादा पहिल्या दिवशी आला तोच अट घालून.

"सर, मला एकच चित्र काढायचंय. आयचं."

"मग फोटो घेऊन या."

"फोटो असता तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

आई गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा. बाईनं आयुष्यात एकदाही फोटो काढला नव्हता. तिचा चेहरा नीट आठवणारी आता दोनच माणसं उरली होती, बबनदादा आणि आटगावजवळ दिलेली त्याची मोठी बहीण, सत्तरीला टेकलेली.

"ताईनं वळखली म्हंजे जमलं," तो म्हणाला. "ती हाये तोवर झालं पायजे, सर. मंग आयला वळखनारं कोन उरनार?"

मी मान डोलावली. असे उत्साही लोक चार रविवारांत गळतात, असा माझा अनुभव होता.

* * *

आधी त्याला वॉटरकलर दिले. दोन रविवारांत त्यानं ते बाजूला सारले. "ह्याच्यात एकदा चुकलं की चुकलं. आपलं डोकं एवढं फास्ट नाय."

मग ऑइल दिलं. पठ्ठ्या सुरीनं रंग नुसता घोळवत बसला. जवसाच्या तेलाचा वास घेतला, बोटानं रंग चोळून पाहिला. "लोनी हाये हो हे!" पुढच्या रविवारी आल्या आल्या कॅनव्हासला बोट लावलं, तर रंग अजून ओला. एरवी लोक ह्यावरून वैतागतात. बबनदादाला कोण आनंद झाला!

"आठ दिवस झाले तरी ऐकतोय! आमच्या घरात एवढं कोन ऐकत नाय!"

* * *

एकदा मुरबाडच्या बाजूला खाचरं रंगवायला गेलो होतो. मी बांधात एक उजळ फट ठेवली. शेताचे मालक, एक आजोबा, माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"मास्तर, बांध फुटलाय तुमचा."

"आजोबा, नजर आत शिरायला वाट ठेवलीय ती."

"नजर शिरंल वो, पन पानी निघून जाईल त्याचं काय?"

बबनदादाला हे इतकं पटलं, की माझा ब्रश घेऊन त्यानं दोन फटक्यांत चिखल भरला आणि फट बुजवून टाकली. मी ओरडलो. तर जाधव शांतपणे म्हणतात, "सर, पाणी सोडायचं तर आधी भोंगा द्यावा लागतो. आमच्याकडे नियम आहे!"

चित्र त्यामुळे सुधारलं. हे मी दोघांना अजून सांगितलेलं नाही.

* * *

जाधवांचा त्रास वेगळा. ते कोऱ्या कॅनव्हाससमोर हाताची घडी घालून बसायचे. "इन्स्पिरेशन येऊ दे." असे चार रविवार गेले.

पाचव्या रविवारी बबनदादा म्हणाला, "साहेब, आमी लावनीला मूडची वाट बघत बसलो तर तुमी खानार काय? चिखलात पाय घातला की हात आपोआप चालतो."

जाधव भडकले. रागारागानं त्यांनी ब्रश निळ्यात बुडवला आणि संध्याकाळपर्यंत माहुलीचा डोंगर उभा केला. तो आता त्यांच्या क्वार्टरमध्ये लटकतोय. प्रेरणा आपोआप आली, असं ते पाहुण्यांना सांगतात.

* * *

बबनदादाची पहिली आई तयार झाली. त्यानं ती घरी नेऊन बायकोला दाखवली. वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्याला वाटलं, हिला रडू आलं.

"अवो, हे तर तुमीच! लुगडं नेसून!"

दुसरा असता तर रंग विकून मोकळा झाला असता. ह्यानं सुरी घेतली आणि अख्खा चेहरा खरवडून काढला. "खरवडायला बी मजा येते, सर. खालचा जुना रंग डोकावतो." अशा चार आया खरवडल्या. पाचवी खरवडताना मात्र त्यानं सुरी मध्येच खाली ठेवली.

"मीच इसरत चाललोय तिला," तो म्हणाला. मला वाईट वाटलं, ते मी दाखवलं नाही.

मी सहज विचारलं, "पाचही वेळा हसरीच काढलीत. आई अशी हसायची?"

"हसायला तिला टाइम कुठं होता? लय तापट! ताई चोरून दातांना मशेरी लावायची. आयला ती तंबाखू अजिबात खपायची नाय. डबी घावली की डबी चुलीत, आन ताईच्या पाठीत दोन धपाटे! अशी बघायची नुसती..."

तो थांबला. मग ब्रश उचलला आणि दोन तास कॅनव्हासवरून मान वर केली नाही. चहा तसाच निवला.

* * *

वाळेपर्यंत थांबायला तो तयार नव्हता. तसाच ओला कॅनव्हास दोन्ही हातांनी धरून टेम्पोच्या मागे बसला. आटगाव येईपर्यंत आईच्या लुगड्याचा थोडा हिरवा रंग त्याच्या शर्टाला आला होता.

ताई ओट्यावर सकाळच्या उन्हात बसली होती. मांडीवर मशेरीची उघडी डबी, बोट दातांवर. आता घरात तीच सगळ्यांत मोठी. सुनाच तिला डबी आणून देतात.

बबनदादानं चित्र समोरच्या खांबाला टेकवलं.

"ताई, कोन हाये सांग बरं?"

ताईचं बोट दातांवरच थांबलं.

"गो ताई, वळख लागली का?"

चित्रावरची नजर न हलवता ताईनं हळूच चाचपून झाकण शोधलं, डबी बंद केली आणि पदराखाली सरकवली.