अंगावरचं पित्त आणि डेअरीचा नियम

माझी मुलगी तेवीस दिवसांची असताना तिला एक रात्र आणि अर्धा दिवस माझ्या दुधापासून तोडलं होतं. ज्यांनी तोडलं त्या माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, आणि त्या घरात माझ्यावर सगळ्यात जास्त माया त्यांचीच होती, हे आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून उगाच त्यांच्याबद्दल भलतंच मत व्हायचं.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण ते दुष्काळाचं वर्ष होतं. माझ्या माहेरी, धर्मापुरीकडे, टँकर आठवड्यातून एकदा यायचा. आमचं सासरचं गाव नांदूरघाटच्या अलीकडे, तिथल्या बोअरला रोज तासभर तरी पाणी यायचं. आत्यांनी माझ्या आईला निरोप धाडला की बाळंतिणीला न्हायला पाणी तरी पाहिजे, तिला इथंच राहू दे. आई रडली आणि कबूल झाली. मी मात्र महिनाभर गाल फुगवून होते.

त्याआधी, सातव्या महिन्यात, पोटाला आणि मांड्यांना खाज सुटली होती. घरोघरच्या बाया सांगायच्या, बाळाला जावळ फुटतंय म्हणून खाजतं. मी म्हणायचे, मग हे पोर डोक्यावर शेत घेऊनच येणार बहुतेक. शेवटी तपासणीला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेलो, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं काय विचारलं, तर तळहात-तळपाय खाजतात का. तसं असेल तर ते लिव्हरचं असू शकतं, अंगावर काढायचं नसतं, असं म्हणून त्यांनी रक्त तपासायला घेतलं. ते चांगलं निघालं. मग त्यांनी लावायला गुलाबी औषध दिलं, आणि अगदीच सोसेना तर घ्यायला पांढऱ्या गोळ्यांची एक पट्टी. पोटातल्या बाळाला या गोळीचा त्रास नाही, असंही सांगितलं. बाळंतपणानंतर चालते का, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी गोळी घेतलीच नाही. पट्टी पावडरच्या डब्यात टाकली आणि ओल्या फडक्याने पोट पुसत दोन महिने काढले.

आता डेअरीचा नियम सांगायला हवा. आमच्या गावात सहकारी दूध डेअरी होती. गावातली निम्मी जनावरं चारा छावणीला गेली होती, तरी आत्यांनी एक म्हैस दावणीला टिकवून धरली होती. अंघोळीचं पाणीसुद्धा घंगाळात उभं राहून करायचं आणि खाली साचलेलं म्हशीच्या अंगावर ओतायचं, अशी घराची शिस्त. सकाळ-संध्याकाळ आत्या किटली घेऊन डेअरीला जायच्या. वर्षभरापूर्वी म्हशीचा सड सुजला, जनावरांच्या डॉक्टरांनी सुई टोचली, आणि आत्यांनी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं दूध नेलं. डेअरीच्या सेक्रेटरींनी सगळ्या रांगेसमोर किटली परत दिली. सुई दिल्यावर तीन दिवस दूध घालायचं नाही, औषध दुधात उतरतं, असं खडसावलं. त्या रांगेतून परत फिरताना आत्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार, कारण तो दिवस त्या कधीच विसरल्या नाहीत.

बाळ झालं. मुलगी. डोक्यावर जावळ म्हणावं तर चार केस. विसाव्या दिवशी माझ्या अंगावर पित्त उठलं. पाठ, पोट, मान, सगळीकडे लाल गांध्या. आत्यांनी गेरू कालवून अंगभर फासला आणि वरून घोंगडी गुंडाळली. चैत्राच्या उन्हात, शेगडीशेजारी, घोंगडीत. खाज परवडली पण हा इलाज नको असं झालं. तीन दिवस मी बाळाला एका हाताने धरायचे आणि दुसऱ्या हाताने खाजवायचे. पाजताना खाजवायला हात हलला की बाळ दचकून सुटायचं. तेविसाव्या दिवशी संध्याकाळी आत्या डेअरीला गेल्या आणि मी डब्यातली गोळी घेतली.

तासाभरात अंग निवलं. इतक्या दिवसांनी मी स्वस्थ झोपले. जाग आली तेव्हा आत्या गोळ्यांची फोडलेली पट्टी हातात धरून समोर उभ्या होत्या. मी खरं ते सांगितलं. त्यांनी बाळ माझ्या कुशीतून उचललं.

"तीन दिस पाजू नको," त्या म्हणाल्या. "दुधात उतरतंय ते. डेअरीवाले गावाला पिऊ देत न्हाईत, आन् मी माज्या नातीला पाजू?"

मी म्हणाले, डॉक्टरांनीच दिलेली गोळी आहे. त्या म्हणाल्या, म्हशीलाबी डागदरनंच सुई दिली व्हती. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. त्या म्हणत होत्या तेच बरोबर असलं तर, या भीतीने मी बाळ परत मागितलं नाही, आणि राग मात्र त्यांच्यावर काढला. त्या रात्री मी त्यांच्याकडे पाठ करून पडले.

त्यांनी म्हशीचं दूध पाणी घालून उकळलं आणि बोंडल्याने पाजलं. बाळाने ते ओकून टाकलं. पुन्हा पाजलं, पुन्हा ओकलं. इकडे माझी छाती दगड झाली होती. बाळ रडलं की पोलकं भिजायचं. आत्यांनी स्वतःच्या हाताने माझं दूध पिळून वाटीत काढलं आणि तुळशीच्या बुंध्याशी ओतलं, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. ज्या घरात भांडी धुतलेलं पाणीही वाया जात नव्हतं तिथं ते ओतून त्यांनी ओल्या मातीला हात लावून कपाळाला लावला. मी ते पाहिलं आणि तरी माझा राग गेला नाही.

सकाळी बाळ रडायचंही थांबलं. नुसतं पडून होतं. आत्यांनी त्याच्या टाळूवर हात ठेवला, मग किटली शेजारणीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, चल. त्यांची डेअरी चुकलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. केजपर्यंत जीप, तिथून एसटी, अंबाजोगाईला पोचेपर्यंत दुपार झाली.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. आत्यांनी माझ्या आधी तोंड उघडलं आणि सगळं सांगितलं, सुई, किटली, तीन दिवस, काही लपवलं नाही. बाई हसल्या नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. त्यांनी आम्ही बरोबर नेलेली पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं की ही गोळी दुधात अगदी जराशी उतरते, तेवढ्याने बाळाला काही होत नाही. झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या असतात त्या मात्र दुकानातून आणून घ्यायच्या नाहीत, त्याने बाळ पेंगतं आणि दूधही कमी होऊ शकतं. प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, म्हणून आधी विचारायचं. मग त्यांनी आत्यांना विचारलं, "मावशी, ते तीन दिवस म्हशीचं वासरू काय पीत होतं?"

आत्या म्हणाल्या, "आईलाच पीत व्हतं की."

"तुमच्या म्हशीचा नियम हिला नाही लागत," बाई म्हणाल्या. "आता आधी पाजा."

बाहेर बाकावर बसले. बाळाला छातीशी धरलं तर ते तोंड उघडेना. थकून गेलं होतं. मी त्याच्या ओठांवर दूध पिळलं, गाल चोळला, तळवे चोळले. माझं दूध हिने सोडलं, आता कायमचं सोडलं, असं वाटून मला रडू फुटलं. आत्या माझ्यासमोर दोन्ही हातांनी पदर पसरून आडोसा धरून उभ्या होत्या. कितीतरी वेळाने बाळाने ओठ हलवले, आणि मग असं घट्ट धरलं की मी कळवळले.

"वासराला बी तोडलं न्हवतं मी," आत्या पदराआडून म्हणाल्या. "माज्या लेकराला तोडलं."

रात्रभर मनात जुळवून ठेवलेलं सगळं भांडण माझ्या तोंडाशी होतं. त्यातलं एकही वाक्य मला बोलावंसं वाटलं नाही. मी म्हणाले, आत्या, बसा आता, हात दुखतील. त्या बसल्या नाहीत. बाळाचं पोट भरेपर्यंत तसाच पदर धरून उभ्या राहिल्या.

तीच मुलगी आता सात महिन्यांची पोटुशी आहे, पुण्याला असते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, आई, अंगाला फार खाज सुटते गं. आत्यांना आता कमी ऐकू येतं, पण खाज हा शब्द त्यांना बरोबर ऐकू आला. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"तळहात-तळपाय खाजत्यात का?" त्यांनी नातीला विचारलं. मग म्हणाल्या, "गोळी डागदरला इचारून घे. आन् बाळ झाल्यावर कुनी कायबी सांगू दे, मी जरी सांगितलं तरी, आदी डागदरला इचार. उगं लेकराला तोडू नको."