मुकादमाचा शुक्रवार

मुकादमानं शिट्टी फुंकली की ढोकीच्या कारखान्याचा भोंगा लाजून गप्प बसायचा. मी वाढवून सांगत नाहीये. खुद्द भोंगा वाजवणाऱ्यानं मला हे सांगितलंय, आणि तंबाखू सुटल्याची शपथ सोडली तर तो माणूस कधी खोटं बोलत नसे. तीस वर्षं ऊसतोडीची टोळी हाकून हाकून मुकादमाला माणसं दिसतच नसत, कोयते दिसत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा जीव म्हणजे अर्धा. इथं मी त्याला अरेतुरे करणार आहे. तोंडावर जन्मात जमलं नाही. आणि माझा राग असा आहे की नुसता श्वास सोडला तरी उसाचा अख्खा फड पेटेल.

आम्हाला उत्तर हिंदुस्थान दाखवायचं त्याच्याच डोक्यात आलं. माझं धरून तीन जोडपी आणि माझी आत्या. तिला सगळा गाव आक्का म्हणतो. दिल्लीच्या स्टेशनात लाखभर माणसं इकडून तिकडं धावतायत, आणि हा काठीनं आमच्या खांद्यांना टोचत मोजतोय, "एक कोयता, दोन कोयते, तीन... आन् अर्धा कुठंय?" अर्धा म्हणजे आक्का. ती नळावर सगळ्यांच्या बाटल्या भरत होती.

"मुकादम, तिला अर्धा म्हणू नका," मी म्हणालो.

"मास्तर, पंचवीस वर्षं माझ्या टोळीत अर्धाच व्हत्या त्या. काम मात्र दीड कोयत्याचं. इचारा त्यांनाच."

विचारायची गरज नव्हती. आई-बाप गेल्यावर त्याच अर्ध्या कोयत्यानं मला वाढवलं, शिकवलं, आणि आमच्याकडच्या वाशीच्या शाळेत मास्तर करून उभं केलं.

पाचटाची कोपी कुठल्याही फडावर पडो, आत आक्का एक जुनं कॅलेंडर टांगायची. तारखा कधीच फाटून गेल्या होत्या, वरचा ताजमहाल तेवढा राहिला होता. "एवढं पांढरं! आन् ह्याला पुसतंय कोण?" हा तिचा प्रश्न. पुढं काचबिंदू झाला. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, नजर फार तर वर्षभराची. आक्का रडली नाही. म्हणाली, "मग मला ते पांढरं एकदा दावा." सहल निघाली ती एवढ्यासाठी. हरिद्वार, मथुरा हे सगळं तोंडी लावणं होतं.

आता मुकादमाचा नियम ऐका. कुठलंही मोठं काम मंगळवारी नाहीतर शुक्रवारी. तुळजाभवानीचे वार. टोळी निघणार मंगळवारी, बैल घेणार शुक्रवारी. त्याचा थोरला तर म्हणे बुधवारी पहाटे व्हायचा होता, पण मुकादमानं डोळे वटारले आणि तो मंगळवारीच झाला. तुळजापूरला दर्शन घेऊन आम्ही शुक्रवारी निघालो. गंगास्नान मंगळवारी. आणि सगळ्यात मोठं काम, आक्काचा ताजमहाल, शुक्रवारी. संध्याकाळी आग्र्याहूनच परतीची गाडी.

मे महिना. आग्र्याच्या उन्हात माझ्या चपलेचा तळ डांबराला चिकटून तिथंच राहिला, अजून असेल. आक्का नवं लुगडं नेसलेली. दारापाशी गेलो तर शिपाई म्हणतो, शुक्रवारी नमाज असते, बाकीच्यांना ताज बंद.

बंद! हजारभर कोस आलो, आणि बंद! शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. मी मास्तर असून विचारलं नाही, कारण मुकादमानं विचारलं असेल. मुकादमानं विचारलं नाही, कारण देवीचा वार चुकेलच कसा?

मी भर रस्त्यात ओरडलो. असा ओरडलो की टांग्याची दोन घोडी टांगेवाल्यांना तिथंच सोडून मथुरेच्या वाटेला लागली. मुकादम शांत. म्हणतो कसा, "मास्तर, वार बरोबरच निवडला की. त्यांच्याबी देवाचा ह्योच वार हाय."

"चुकलो म्हणा! आक्काला एवढं एकदा म्हणा!"

"मुकादम चुकत न्हाय. टोळी चुकती." हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. फडावर ऐकून हसू यायचं. त्या दिवशी हात शिवशिवले.

मग त्यानं रिक्षा केल्या आणि आम्हाला यमुनेच्या पलीकडं एका बागेत नेलं. नदीपलीकडं ताजमहाल उभा. आम्हाला दिसला. आक्कानं कपाळावर हात धरला, डोळे बारीक केले, मान इकडं केली, तिकडं केली.

"काय दिसतंय, आक्का?" मुकादमानं विचारलं.

"दही सांडल्यावानी."

मुकादम तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि सांगायला लागला. "मधी घुमट हाय बगा, आपल्या कारखान्याचं साखरेचं गोदाम पालथं घातल्यावानी. चार कोपऱ्याला चार धुराडी. पर धूर न्हाय."

"धूर न्हाय म्हणून पांढरं ऱ्हायलंय व्हय," आक्का म्हणाली.

सगळे हसले. मी हसलो नाही. त्या दिवसापासून मुकादमाशी बोललोही नाही. येताना त्यानं पुढं केलेला पेढासुद्धा घेतला नाही, आणि तो मथुरेचा होता, म्हणजे बघा.

कारखान्याचं पुढचं गाळप संपेपर्यंत आक्काची नजर पूर्ण गेली. एका सकाळी मुकादम अंगणात येऊन उभा. "आक्का, गाठोडं बांधा. बुधवारची गाडी हाय. माझी लेक येतीया संगं. मास्तर, तुमीबी चला."

"आता काय दाखवणार तिला?" वर्षभर साठवलेलं सगळं मी तिथंच ओतलं. "आंधळ्या म्हातारीची थट्टा करता?"

"दावतोय कोण? हात लावाया नेतोय."

आक्का आतून म्हणाली, "बाळा, चल की. भांडायचं ते गाडीत भांड."

मी गेलो नाही. एसटीपर्यंत पोहोचवायलासुद्धा गेलो नाही. सहाव्या दिवशी ती परत आली, तेव्हा न राहवून विचारलं, "कसा होता?"

"गार," ती म्हणाली. "एवढ्या उन्हात दगूड गार. असं कसं म्हणून मुकादमाला इचारलं, तर म्हणला, मला ठाव न्हाय." मग म्हणाली, "आणखी लई हाय. पर तुला बोलवलं व्हतं."

एवढंच. पुढं खोदून विचारलं तर गाठोडं सोडायला लागली.

यंदा दिवाळीनंतर टोळी निघायच्या आधी मुकादम गेला. मधल्या काळात बाजारात, बँकेत, लग्नात शंभरदा समोर आला असेल. मी शंभरदा मान फिरवली. आक्काला हाताला धरून त्याच्या घरी नेलं. त्याची लेक तिच्या गळ्यात पडून रडली. रडता रडता दोघी आग्र्यावर आल्या. भिंतीतली दगडी फुलं बोटाला कशी लागत होती, आक्का प्रत्येक पाकळी कशी मोजत होती, मागची माणसं कशी खोळंबली होती. "आन् दादा त्या शिपायाला म्हणत व्हते," लेक बापाचा आवाज काढून म्हणाली, "साहेब, रागावू नगा, वार माझा चुकला व्हता. म्हातारीला हात लावू द्या."

"म्हणलं व्हतं," आक्का म्हणाली. "धा येळा म्हणलं. शिपायालाबी, मलाबी."

आणि त्या सुतकाच्या घरात दोघी हसायला लागल्या. आलेल्या बायाही हसायला लागल्या. "मास्तर, तुमी बगितला का ओ तो जवळनं?" एकीनं मला विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं मान वळवली आणि आक्काला पुढचं विचारलं.

मी उठून अंगणात आलो. मुकादमाशी चांगलं कडाडून भांडायचं होतं. तिथं नुसत्या चपला पडल्या होत्या, आलेल्या लोकांच्या.