लिचीचा गुलाब की रासबेरीचा

नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झालेली आणि मी सेंट घ्यायला निघाले, याचं माझ्या थोरल्या जाऊबाईंना फार नवल वाटलं. तरी बरोबर आल्याच. मी काहीतरी भलतंच घेऊन बसेन, ही काळजी.

कारण घडलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मला आग्रहाने बोलावलं. वर "आम्ही असलं काही मानत नाही हं," असंही सांगितलं. मी चांगली साडी नेसून गेले. बाई अत्तर घेऊन एकेकीच्या हाताला लावत येत होत्या. माझ्यापाशी आल्या, थबकल्या आणि शेजारच्या बाईकडे वळल्या. मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं, कारण भरपाई म्हणून माझ्या हातात तिळगुळाच्या दोन वड्या जास्त ठेवल्या. घरी येऊन मी त्या कचऱ्यात टाकल्या. खोटं कशाला बोलू, मला भयंकर राग आला होता आणि रडूही.

तर दुकान. तिथल्या मुलीने कागदाच्या दोन पट्ट्या पुढे केल्या. दोन्ही गुलाबच, एकात लिची, एकात रासबेरी. लिचीचा अगदी सोज्वळ. तासाभरात उडून जाईल, असं ती मुलगीच म्हणाली. रासबेरीचा आंबटगोड आणि दांडगा. मनगटावर मारला तर पलीकडे लिपस्टिक बघणाऱ्या बाईने मान वर केली.

"लिचीचा घे बाई," जाऊबाई म्हणाल्या. "कुणाच्या लक्षातही यायचं नाही."

"मग नळाचं पाणीच शिंपडते की."

"अगं, चारचौघांत बरं दिसतं का? आता कुणासाठी लावायचंय?"

"नवरा गेलाय माझा. नाक आहे अजून जागेवर."

दुकानातली मुलगी उगाच काच पुसायला लागली.

आता कबूल करते, वास मला लिचीचाच जास्त आवडला होता. पण तो लावून मी पुन्हा कुणाला दिसले नसते. दोन वर्षं तेच चाललं होतं. मी समोर बसलेली असायची आणि लोक माझ्या शेजारणीशी बोलायचे. मी रासबेरीचा बांधून द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो लावून भाजीला गेले. परतताना लिफ्टमध्ये सोसायटीतल्या तिघी होत्या, त्यात समोरच्या बाईही. त्यांनी नाक वर करून वास घेतला.

"कुणी लावलंय गं? काय सुरेख आहे," असं म्हणत त्यांनी त्या दोघींकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

"मी लावलंय," मी म्हणाले.

आमची लिफ्ट आधीच रडतखडत चालणारी. पाचव्या मजल्यापर्यंत तिघींना माझाच गुलाब हुंगत यावं लागलं.